उजवा खांदा

रायपूर,
दि. १२ जुलै २०२५

ती. शेवंता आत्यास,
मोनालीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुले ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहून राहिली, असं घरी सांगितलं आहे. खरं कारण दुसरंच आहे. फोनवर बोलले की आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकते, आणि हे तिच्या कानावर जायला नको. माझं मराठी सांभाळून घेजो. इथं दिवसभर हिंदीच चालते, मराठी लिहिणं तुझ्या पत्रांपुरतंच उरलं.

आत्या, माझा उजवा खांदा दुखून राहिला. आजचा नाही, मे महिन्यापासूनचा. पोहताना हात पाण्याबाहेर काढून पुढं टाकला की खांद्याच्या समोरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं होते. आधी सराव संपल्यावर दुखायचा, आता पूलच्या दोन चकरांतच सुरू होते. वेणी घालताना डाव्या हातानं काम भागवते. त्या कुशीवर झोपता येत नाही.

चौतीस वर्षं तू सरकारी दवाखान्यात लोकांच्या सांध्यांचे व्यायाम करून घेतले, म्हणून तुलेच विचारते. ९ सप्टेंबरला आमच्या बचाव पथकाची वार्षिक चाचणी आहे. चारशे मीटर पोहायचं, मग माणसाच्या वजनाचा पुतळा ओढत काठाला आणायचा. नापास झालं की पाण्यातून काढून टेबलावर बसवतात. पथकात पाण्यात उतरणारी बाई मी एकटीच. मी आले तेव्हाच एकजण म्हणाला होता की ही फोटोपुरती आहे. आता मीच खांदा धरून बसले तर?

म्हणून आमच्या शालिग्राम साहेबांना सांगितलं नाही. बाबांनाही नाही. ते सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात सगळ्यांना सांगत फिरतात की माझी पोट्टी पुरात उतरते. तूही त्यांना कळवू नको. फक्त उपाय सांग, आणि लवकर सांग.

माया आहे तशीच राहू देजो.

तुझी,
मोनाली


नागपूर,
दि. १७ जुलै २०२५

चि. मोनालीस,
अ. उ. आ. आणि जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीनं, दुसऱ्यांदा रागानं. मे महिन्यापासून दुखतो आणि पोट्टी जुलैत सांगते!

आता ऐक. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. तो जागेवर धरून ठेवणारे स्नायू लहान असतात. ते थकले की चेंडू वर सरकतो आणि वरच्या हाडाखाली स्नायूचा दोर घासला जातो. तू एका सरावात हजार वेळा हात फिरवत असशील, तर तितक्या वेळा तो घासतो आहे. पोहणं पूर्ण बंद करू नको, पण अंतर निम्म्याहून कमी कर. हाताला लावायची ती प्लास्टिकची वल्ही पेटीत टाक. नुसते पाय मारायचे तेव्हा फळी धरून हात पुढं ताणू नको, हात अंगालगत ठेव. जोडीदाराकडून दोन्ही हात मागं ओढून घ्यायची तुम्हा लोकांची सवय आहे, ती आजपासून बंद. त्यानं सैल सांधा आणखी सैल होतो.

कोणाकडून तरी तुझ्या पोहण्याचा व्हिडिओ काढून घे. हात डोक्यासमोरून पलीकडं जातो का, ते बघ. तो खांद्याच्या रेषेतच पाण्यात शिरला पाहिजे. अंग दोन्हीकडं वळलं पाहिजे, श्वासही दोन्ही बाजूंनी घे. एकाच बाजूनं घेशील तर सगळा भार एकाच खांद्यावर.

घरी रबरी पट्टा दाराच्या कडीला बांध. कोपर कमरेला चिकटवून, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरून, हात बाहेर ने. पंधरा वेळा, तीनदा. पाठीची पाती मागं ओढून दहा आकडे थांब. डाव्या कुशीवर झोप, दुखरा हात उशीवर. सरावानंतर दहा मिनिटं बर्फ.

आणि मला खरं कळव. हात बाजूनं वर नेताना मध्येच अडतो का? पाण्याचा जग उचलताना ताकद जाते का? बोटांना मुंग्या येतात का? यातलं काहीही होत असेल तर माझ्या पत्राची वाट न बघता हाडांच्या डॉक्टरला दाखव. तुमच्या तिथं समता कॉलनीत दवाखान्यांना तोटा नाही. तुझ्या बापाला, भैय्यालालला, मी कळवत नाही, पण तुझ्या साहेबांना तू सांगावंस, असं मला वाटतं.

उत्तरात खांदा आधी, बाकीची खुशाली मागून.

तुझी,
शेवंता आत्या


रायपूर,
दि. २७ जुलै २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

तू म्हणाली तसंच निघालं. प्रशिकनं व्हिडिओ काढला. प्रशिक म्हणजे पथकातला माझा जोडीदार. आमच्यात एक पाण्यात उतरतो तेव्हा दुसरा काठावर त्याचा दोर धरून उभा असते. व्हिडिओत माझा उजवा हात डोक्यासमोरून पार डावीकडं जाताना दिसला. पत्र आल्यापासून आठवडाभर तू सांगितलेलं सगळं केलं. झोप लागू लागली. पट्टा ओढताना आई विचारते की हे काय नवीन, तर मी म्हणते फिटनेस.

पण खरं कळव म्हणालीस म्हणून लिहिते. गुरुवारी साहेब स्वतः पूलवर आले आणि सगळ्यांना आठशे मीटर पोहायला लावलं. मी आधी दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या. पोहताना काहीच वाटलं नाही, तिसरी आले. संध्याकाळी ताटातला घास तोंडापर्यंत नेता येईना. आईला म्हटलं भूक नाही.

हात बाजूनं वर नेला की अर्ध्यावर अडते. जग डाव्या हातानं उचलते. मुंग्या मात्र येत नाहीत, शपथ.

डॉक्टरकडं चाचणीनंतर जाईन. आत्ता गेले तर ते कागदावर लिहून देतील, आणि कागद साहेबांपर्यंत जाईल. फक्त दीड महिना काढायचा आहे. तू रागावशील, ठाऊक आहे. रागावून झालं की पुढचा व्यायाम कळव.

जीव लावलास तो कमी करू नको.

मोनाली


नागपूर,
दि. १ ऑगस्ट २०२५

चि. मोनालीस,
अ. उ. आ.

पुढचा व्यायाम नाही. या हातासाठी पत्रातून व्यायाम सांगणं म्हणजे तुझं वाटोळं करणं होईल.

गोळीनं दुखणं जात नाही, दुखण्याचा आवाज तेवढा बंद होतो. मी बहिरी बाई आहे, मला विचार. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून मागून येणारी गाडी थांबत नाही.

तू एकटी पोहत असतीस तर एक वेळ गप्प बसले असते. तू दुसऱ्यांचे जीव आणायला जातेस. तुझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला प्रशिक उभा असतो, त्याला काहून अंधारात ठेवतेस? १५ ऑगस्टपर्यंत डॉक्टरला दाखव आणि साहेबांना सांग. नाहीतर सोळा तारखेला मी भैय्यालालला पत्र टाकते. मग तू माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल.

इतकं कडक लिहिते ते परकी समजून नाही, हे तुला कळतंच.

शेवंता आत्या


रायपूर,
दि. १३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
जय भीम.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहून राहिली.

रविवारी सकाळी बोलावणं आलं. एका गावाजवळच्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, कमरेएवढं पाणी वाहत होतं. एक पिकअप पुलाच्या वरच्या अंगाला घसरून दगडाला अडकली होती. टपावर ड्रायव्हर आणि एक बाई. बोट खालच्या अंगाला होती, ती वर यायला वेळ लागणार होता. तोपर्यंत कोणीतरी दोर घेऊन गाडीपर्यंत जायचं होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं, आत्या. तोंडातून "हव सर" निघालं.

निम्म्यावर पोचले आणि हात थांबला. दुखला असं नाही, नुसता थांबला. मी तो पुढं टाकायला पाहत होते आणि तो पाण्यात चिंधीसारखा लोंबत होता. प्रवाहानं मले सरळ रपट्याखालच्या नळांकडं, म्हणजे पाणी जायच्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांकडं, ओढलं. ते नळ माणूस आत घेतात आणि सोडत नाहीत. प्रशिकनं माझा दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि उडी मारली. त्यानं मले नळाच्या तोंडावरून बाजूला ढकललं, तेवढ्यात वाहत आलेलं झाडाचं खोड त्याच्या छातीवर बसलं. त्याच्या तीन फासळ्या मोडल्या. पिकअपवरच्या दोघांना नंतर बोटीनं आणलं. सगळे जिवंत आहेत.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो. त्या बाईला चादर पांघरवताना कोणी काढला कोणास ठाऊक. खाली लिहिलं आहे, पुरात झेपावलेली वाघीण. सगळे समजून राहिले की धार जोरात होती म्हणून मी वाहिले. बाबांनी प्लांटात पेढे वाटले. विहारात २४ तारखेला माझा सत्कार ठेवला आहे.

दवाखान्यात प्रशिकच्या आईनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की माझा पोरगा बहिणीसाठी उतरला, मले त्याचं दुःख नाही. उजवा हात तिनं धरला होता तो ठणकत होता, तरी सोडवून घेतला नाही.

तू सोळा तारखेला बाबांना लिहिणार आहेस. लिही. मी अडवत नाही.

मोनाली


नागपूर,
दि. १८ ऑगस्ट २०२५

चि. मोनालीस,
अ. उ. आ.

सोळा तारीख होऊन गेली. भैय्यालालला मी लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. धाक दाखवून तुला वेळेत थांबवायचं होतं, ती वेळ गेली. आता मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तरच ते खरं बोलणं.

पण यात तू एकटी नाहीस. गोळ्यांचं वाचलं त्याच दिवशी मी रायपूरची गाडी पकडायला हवी होती. मी पत्र लिहिलं, आणि वर दोन आठवड्यांची मुदत दिली. दोन दिवस झाले, ताटावर बसते आणि उठते.

उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जा. हात अचानक पडला म्हणजे स्नायूचा दोर फाटला असण्याची भीती आहे. किती फाटला ते तपासणीतच कळेल. पट्टा, व्यायाम, काही करू नको. हात झोळीत ठेव.

मग प्रशिककडं जा. विहारात टाळ्या वाजायच्या आधी त्याला कळायला हवं.

मी आहे, हे विसरू नको.

शेवंता आत्या


रायपूर,
दि. २६ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
भैय्यालालचा जय भीम.

रविवारी विहारात तीनशे माणूस होता. मोनालीनं शाल घेतली नाही. माइकसमोर उभी राहून म्हणाली की माझा खांदा तीन महिन्यांपासून खराब होता, मी लपवला, म्हणून प्रशिक आज दवाखान्यात आहे, शाल त्याची आहे. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून बाहेर आलो आणि चपला सापडेनात.

घरी आल्यावर तिनं तुझी पत्रं माझ्यासमोर ठेवली. ताई, तुले महिनाभर माहीत होतं. माझी पोट्टी त्या नळात गेली असती तर तू मले कोणत्या तोंडानं पत्र लिहिलं असतं? मी तिचा बाप आहे. मी ओरडलो असतो, पण तिले घरी बसवलं असतं. जिवंत बसवलं असतं.

आज लोभाचं काही लिहवत नाही.

भैय्यालाल


रायपूर,
दि. १६ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

बाबांचं पत्र तुले लागलं असेल. त्यावर तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहिते.

खांदा आधी. दोर अर्धा फाटला आहे. डॉक्टर म्हणाले की ऑपरेशन लागणार नाही, पण तीन महिने पाणी बंद, आणि व्यायाम ते म्हणतील तेव्हाच आणि तेवढाच. आणखी एकदा तसंच पोहले असते तर पूर्ण तुटला असता. चाचणी माझ्याविना झाली.

प्रशिकला मी सत्काराच्या दोन दिवस आधीच सांगितलं होतं. त्यानं सगळं ऐकलं आणि तोंड भिंतीकडं केलं. त्याच्या आईनं मले जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. त्याच दुपारी साहेबांना सांगितलं. त्यांनी लेखी ताकीद दिली, ती मी सही करून घेतली. मग म्हणाले की तुझ्या आत्यानं जे शिकवलं ते दर सोमवारी सगळ्यांना शिकवायचं. पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकाचे खांदे बघायचे, तूच बघायचे.

काल पहिला सोमवार होता. सगळ्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं. हात बाजूनं वर न्यायचा, जिथं अडेल तिथं खडूची रेघ. सगळे हसून राहिले होते. शेवटी साहेब स्वतः उभे राहिले. त्यांचा डावा हात कानापर्यंतही गेला नाही. हसणं बंद झालं. मग एकेक करून चौघं बोलले की त्यांचाही दुखते. एकाचा तर दोन वर्षांपासून.

बाबा अजून तुझं नाव काढत नाहीत. पण डॉक्टरांनी पट्टा सुरू करायला सांगितलं तेव्हा कडी त्यांनीच घट्ट केली, आणि सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी बाजूला उभे राहून पंधरापर्यंत मोजतात. परवा आईला विचारत होते की नागपूरहून काही आलं का. तू लिही, आत्या. त्यांना आधी लिही, मले नंतर.

काल प्रशिकही आला होता. छातीला पट्टा, चालणं हळू. सगळ्यांचं झाल्यावर मी भिंतीला उभी राहिले. डॉक्टरांनी जेवढा उचलायची परवानगी दिली होती तेवढाच उचलायचा होता, पण सगळे पाहून राहिले होते. मी कंबर वाकवून हात थोडा जास्त वर दाखवायला गेले. तीन आठवड्यांत प्रशिक एक शब्द बोलला नव्हता. तो जवळ आला आणि हिंदीत म्हणाला की जितना उठता है उतना ही उठा, दीदी, झूठ मत उठा.

मी पाठ सरळ केली. हात खाली आला, खांद्याच्या थोडा खालीच थांबला. प्रशिकनं माझ्या हातातला खडू घेतला आणि तिथं रेघ ओढली.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून आहे.

तुझीच,
मोनाली