भिंतीचा पगार

३ जून, देवास
बी. फार्म. झालं एकदाचं. बत्तिसाव्या वर्षी! बाबांच्या आजारपणात सुटलेलं पुरं केलं, तर शेजारच्या काकू पेढा तोंडात घालून विचारतात, "मग आता लग्न?" आईच्या पेन्शनीत दोघींचं भागत नाही. बाकीचे पैसे धारहून दादा पाठवतो, आणि मागोमाग वहिनीचा फोन, "पोचले ना?" दर महिन्याला. वैताग.

११ जून
पीथमपूर. औषधाच्या कारखान्यात इंटरव्ह्यू. समोरचा पोरगा माझ्याहून लहान. "मैम, इतना गैप क्यों?" सांगितलं. "ओह." ट्रेनी म्हणून घेतो म्हणाला, रात्रपाळी. खोली, मेस वजा जाता हातात काय कपाळ उरणार!

१४ जून
दादा आला, भलताच खुशीत. हाटपिपल्यात त्याच्या ओळखीच्या माणसाचं मेडिकल आहे, पण कायद्यानं लागतो तो फार्मासिस्ट नाही. माझं सर्टिफिकेट तिथल्या भिंतीवर लावायचं, महिन्याचे पैसे घ्यायचे. मी जायचंसुद्धा नाही. पीथमपुरात उरतील त्याहून जास्तच.
"आणि औषधं कोण देणार?"
"आत्ता देतोय तोच! सगळे करतात गं."
आईनं दादाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. म्हणजे तिचंही हो.

१८ जून
हाटपिपल्याला जाऊन आले. दुकानदार तसा भला, चहा पाजला. एका म्हातारीनं खोकला सांगितला. यानं चिठ्ठी न बघता अँटिबायोटिक दिलं, तेही दोनच दिवसांचं. मी बोलायला गेले तर म्हातारी माझ्यावरच, "तम कुण?"
म्हटलं, रोज मीच येऊन बसते. तर म्हणतो, "दीदी, आप बैठोगी तो पैसे कम होंगे. आप ग्राहक से सवाल करोगी."
म्हणजे पैसे माझ्या नसण्याचे! चार वर्षं जीव काढून अभ्यास केला तो याच्यासाठी? बसमध्ये रडूच आलं.

२१ जून
दादाशी फोनवर कडाक्याचं भांडण. "तत्त्वं सांभाळ तू, पण मग माझ्याकडे बघू नकोस." त्याचंही खरं, दोन मुलांच्या फिया आहेत. तरी संताप संताप झाला. पीथमपूरला सोमवारपर्यंत कळवायचंय.

२२ जून, रविवार
हाटपिपल्याहून मोबाइलवर फोटो. दुकानाची भिंत, गणपतीशेजारी नवीकोरी फ्रेम. रिकामी. खाली लिहिलंय, "दीदी, बस आपका नाम आना बाकी है."
आईनं चष्मा लावून पाहिलं. "चांगल्या जागी लावलीय गं." मग भाजी निवडता निवडता, "तिकडं पीथमपुरात खोलीला आतून कडी नीट असते ना?"
फोटो मी पाहिला हे दुकानदाराला दिसलं असणार. उत्तर मी अजून लिहिलेलं नाही, आणि उद्या सोमवार.