दोन बिऱ्हाडांचा कॉम्प्युटर

आई, वर्तकनगरच्या घरातला आपला तो कॉम्प्युटर आठवतो का तुला? खिडकीखाली, शिलाई मशीनच्या जुन्या टेबलावर बसवलेला. त्यावर तू खोपटच्या छापखान्यासाठी लग्नपत्रिका टाईप करायचीस. बाबा गेल्यापासून घर त्यावरच चालत होतं, आणि मला नेमकं त्याच्यातच लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकटातली दुसरी प्रणाली, घालायचं होतं. कॉलेजात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. दुसरा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती, हौस मात्र दांडगी.

रविवारची दुपार आहे, जेवणं आटोपलीत आणि मी तुला समजावतेय. तुझं विंडोज डिस्कच्या एका कडेला सरकवायचं, मोकळ्या जागेत माझं लिनक्स घालायचं. सुरू होताना कॉम्प्युटरच विचारेल, दोघांतलं कोण हवंय. चुकलं तर सगळंच पुसलं जाईल, हेही मी सांगून टाकते. पत्रिका फ्लॉपीवर काढल्या होत्या, पण तुझा तो मराठी टाईप करायचा प्रोग्राम पुन्हा कुठून आणणार होतो?

"म्हणजे पोटभाडेकरू ठेवतेयस की गं!" तू पदराला हात पुसत म्हणालीस. "मालकिणीला बाहेर नाही ना काढणार तो?"

"नाही गं. बहुतेक नाही."

"मग कर. पण घाबरत हात लावू नकोस, त्यानेच बिघडतं." आणि तू चक्क चहा टाकायला गेलीस. आपल्या दोघींचं पोट माझ्या बोटांवर सोडून! तो विश्वास तू कुठून आणलास, हे मला अजून उमगलेलं नाही.

संध्याकाळी काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: कोण हवंय? मी तुझं विंडोज मागितलं, आणि पत्रिका उघडली: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. बंद करून पुन्हा लावला, माझं मागितलं, तर नुसती पांढरी अक्षरं. पत्रिकेचा मागमूस नाही. तोच डबा, तीच वायर. तू पडद्याजवळ वाकलीस.

"आता माझं कुठे गेलं?"

"इथेच आहे."

"मग दोन्ही एकदम लाव ना. तुझं तू कर, माझं मी करते. शेजारी बसून."

मी हसले. "असं नसतं गं आई. एका वेळी एकच."

आणि तसंच झालं. तुझी पाळी असली की मी बाहेर, माझी असली की तू स्वयंपाकघरात. तू जाईपर्यंत आपण त्या एका खुर्चीवर आळीपाळीनेच बसलो.

आज त्या जुन्या डिस्कवरचं सगळं मी माझ्या लॅपटॉपच्या पोटात उतरवलं. पडद्यावरच्या एका खिडकीत माझं काम चालू होतं आणि शेजारच्या खिडकीत तुझं विंडोज उठून बसलं. दोन्ही एकदम. हे कसं होतं ते मला ठाऊक आहे, माझी नोकरीच ती आहे. तरी रडू फुटलं. तू मागितलं होतंस ते हेच होतं.

हे तुझ्याच प्रोग्राममध्ये लिहितेय. ही अक्षरं दुसरीकडे कुठे उघडत नाहीत, तेव्हा पाठवायचा प्रश्नच नाही. फक्त एक कबूल करते. तुझ्या त्या कीबोर्डवरची मराठी मी कधी शिकलेच नाही. एकेक अक्षर शोधत बसलेय, आणि "सरक, मी करते" असं तू म्हणशील म्हणून अर्धी खुर्ची मोकळी ठेवलीय.