बारकी राहायला आली

चिमणे,

परवा आम्ही नर्सिंगच्या बॅचच्या मैत्रिणी जमलो होतो. कोण आजी झाली, कुणाचे गुडघे गेले, सगळ्या बातम्या झाल्या. निघताना बारकीने माझा हात हातात घेतला आणि तिची बोटं मनगटावर जरा जास्तच रेंगाळली.

"काय गं, नाडी बघतेस की काय?" मी म्हटलं. सगळ्या हसल्या, ती हसली नाही.

मागे दोघी मैत्रिणींकडे ती अशीच सहज राहायला गेली होती. दोघींचेही डोळे तिनेच मिटले.

आज ती न कळवता दारात उभी राहिली. "चार दिवस राहते गं," म्हणाली. बॅग मात्र चार दिवसांची नाही.

हे पत्र धाडत नाही. वाचून तू धावत येशील, आणि मला तर अजून काहीच होत नाहीये.

तुझी ठणठणीत,
आई