पावतीवरचं नाव

नाहूर,
रविवार, ८ एप्रिल १९८४

तीर्थस्वरूप दादास,
दत्तारामचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे? कलमांना यंदा मोहर बरा आल्याचं गाववाल्यांकडून कळलं.

पत्राचं कारण विहीर. मालकाने आपल्या चाळीच्या विहिरीवर लोखंडी झाकण घालून कुलूप ठोकलं. तारीख २ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ. मी तेव्हाच टिपून ठेवली. नळ पाऊण तास येतो, बिऱ्हाडं बावीस.

वकील न करता दावा मीच लिहिला. माझं शिक्षण सातवी, पण कायद्याचं पुस्तक दोनदा वाचलंय. चौदा पानं, एक खाडाखोड नाही. खाली चाळीच्या रहिवासी मंडळाचा शिक्का, अध्यक्ष म्हणून माझी सही. तीन नंबरच्या मालनवहिनी म्हणाल्या, "भावजी, चौदा पानं पिळून बादलीभर तरी निघेल ना?" मी लक्ष दिलं नाही.

बुधवारी सुनावणी झाली. न्यायाधीशांनी पहिलंच विचारलं, "मंडळ नोंदलेलं आहे?"

नव्हतं, दादा. शिक्का केला, घटना लिहिली, इतिवृत्तं ठेवली. नोंदणी राहिली. कशी राहिली, मला अजून समजत नाही.

"मग मंडळाला दावा करता येत नाही. तुम्ही स्वतः भाडेकरू आहात?"

मी म्हटलं, "होय साहेब, पुरावा आहे." आणि माझ्याच हाताने भाड्याची पावती पुढे केली. मालकाच्या वकिलाने ती मोठ्याने वाचली: काशीराम गोविंद परब. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे तुम्ही नाही. तुमचा या खोलीशी संबंध काय?"

मी माझी चौदा पानं चाळत राहिलो.

न्यायाधीश समजुतीने बोलले. इतरांच्या वतीने उभं राहायचं तर आधी स्वतःचा हक्क दाखवावा लागतो. एखादा भाडेकरू पुढे आला तर दावा चालेल. मी एकवीस दारं फिरलो. सगळे म्हणतात, "तुम्हीच व्हा पुढे, आम्हाला मालकाशी वाकडं नको." मी पुढे होऊ शकत नाही हेच त्यांना सांगत होतो. शेवटी मलाच समजेना की मी काय सांगतोय.

पावती तुझ्या नावावर मीच ठेवली. भाडं घ्यायला येणारा दोनदा म्हणाला, "बदलून देतो." मी म्हटलं, आपल्यात मोठा हयात असताना धाकट्याचं नाव लावत नाहीत. आणि तोच मी गेल्या जूनमध्ये दारात आडवा उभा राहिलो. गिरणी सुटल्यावर गावी गेलेला तू परत आलास, प्रेमाला कॉलेजात घालायचं म्हणून. तिच्या हातात ट्रंक होती. मी काय बोललो ते गॅलरीभर ऐकू गेलं. वकिलाने बुधवारी तेच विचारलं. फक्त तो 'तुमचा' म्हणाला, मी 'तुझा' म्हटलं होतं.

तू विहिरीवर पोरीला पाणी पाजलंस आणि गेलास.

सोबत वादी म्हणून तुझं नाव घालायचा अर्ज आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलीय. तारीख गुरुवार, २६ एप्रिल, सकाळी अकरा. तू आला नाहीस तर दावा फेटाळला जाईल आणि कुलूप तसंच राहील. आलास तर पहिल्या ओळीत लिहिलं जाईल की खोली तुझी. मग मी कोण? पुस्तकात शोधलं. भाऊ असा शब्द मिळतो, पण माझ्यासारख्या भावाचं काय करायचं ते मिळत नाही.

प्रेमाचं वर्ष गेलं का? जूनमध्ये पुन्हा फॉर्म सुटतात. खिडकीजवळची खाट रिकामी केलीय. दाव्याशी याचा संबंध नाही. तू सही केली नाहीस तरी तिला पाठव.

वहिनीला नमस्कार सांग. सांगण्याचा हक्क मला नसेल, तर सांगू नको.

तुझ्या खोलीत राहणारा,
दत्ताराम