साटबा कोण धरणार?

ताई,

उन्हाळाभर तुला लिहायचं टाळलं, आणि हेही पोस्टात पडेलच असं नाही. बुसानला मासळी उतरवत होते; तिथली मांजरं काय माजलीत! असो. तू जिला धाकटा भाऊ म्हणायचीस, ती आता तुझी बहीण आहे. आज बायकांच्या सिरम कुस्तीत नाव दिलंय. पंच हो म्हणाले. पण गुडघे टेकून एकमेकींच्या कमरेचा कापडी साटबा धरल्याशिवाय कुस्ती सुरूच होत नाही, आणि समोरची ग्युरी म्हणते, "हिच्या अंगात बाप्याचं बळ. मी नाही धरायची." तिची भीती अगदीच खोटी नसेल. कपडे बदलायच्या खोलीत एकटीच बसलेय.

थांब, ग्युरीच आलीय! म्हणते, "लिहीत काय बसलीस? टेक गुडघे. आधी तू मला उचलवतेस का बघते, मग ठरवते."

तुझीच धाकटी,
हेवॉन