दुसऱ्या विषयाचा रकाना

बाई, लेकीचं बी.एड.चं सामान आलं. गणवेशाच्या दोन साड्या अठराशेला, पाठांच्या वह्या दोनशे चाळीसला, तक्त्यांचे कागद नव्वदला; शंभर सांगत होता. विषय निवडायचा फॉर्म तेवढा फुकट मिळाला आणि घरात घोर लावला तो त्यानंच. शाळेत शिकवायला दोन विषय घ्यायचे असतात. तिचं विज्ञान पक्कं. दुसरा गणितही घेता येतो, मराठीही. जीव सगळा मराठीत. शेजारच्या पोरींना कविता शिकवते तेव्हा मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहते. आणि परवा तिनं दुसऱ्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलं, गणित. "का गं?" म्हटलं. तर म्हणाली, "तुला गणिताची बाई व्हायचं होतं ना. आजोबांनी शिकू दिलं नाही. मी होते."

तुम्ही अकरावीचा फॉर्म घेऊन आमच्या मळ्यात आला होतात, तो दिवस आठवतो. नगरहून एसटीनं आणलेला, तुमच्याच अक्षरात भरलेला, नुसत्या सह्या राहिलेल्या. मी चुलीपाशी भाकरी थापतेय, पाठ तुमच्याकडं. वडील ओट्यावर. "न्हाई जमायचं, बाई," ते म्हणतात. "असलं डोकं चुलीत घालताय तुम्ही," तुम्ही म्हणता. वडील खाली बघून तंबाखू मळत राहतात. चहा न घेताच तुम्ही उठलात. पुढं बाजारात वडील दिसले की तुम्ही वाट बदलायचा. ते घरी येऊन सांगायचे, "तुज्या बाई लई मानी हाईत," आणि हसायचे.

बाई, त्याच्या आदल्या रविवारी केडगावचं स्थळ मला बघून गेलं होतं. मुलगा मला आवडला होता. वडील म्हणाले, "शिक की, थांबतील ते दोन वरसं." मीच म्हटलं, आणि नाही थांबले तर? बाईंना तुम्हीच नाही म्हणा, मला त्यांच्यापुढं बोलवणार नाही. त्यांनी तसं म्हटलं, आणि खरं काय ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तुम्हीही वारलात, त्यांच्यावर राग धरूनच. आणि मी लेकीला वाढवताना "शिकू दिलं नाही गं" हेच सांगत आले. ज्या भिंतीवर वडिलांचा फोटो आहे त्याच भिंतीला माझा देव्हारा. रोज हात जोडते.

काल पूजा आटोपली आणि तिला सगळं सांगून टाकलं. ती पोहे खात होती. चमचा तसाच धरून म्हणाली, "म्हणजे पप्पांसाठी? ह्या पप्पांसाठी?" बाहेर हे बनियनवर स्कूटर पुसत होते. दोघींना हसू आवरेना. मग ती उठून आजोबांच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. परत येऊन तिनं रकान्यातलं गणित खोडलं आणि पेनानं मराठी लिहिलं.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खोडरबराचा भुगा झटकताना हात थांबला. कुणी पोरीनं दारात येऊन "गणिताच्या बाई आहेत का?" विचारावं, एवढं एकदा या घरात ऐकायचं होतं. हे तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हा कागद पाकिटात जायचा नाही, हे मलाही कळतं. तरी माझ्या वडिलांवरचा राग सोडलात की नाही, तेवढं उलट टपाली कळवा.