वेग तुझा होता

ब्र्नो, १४ नोव्हेंबर

प्रिय ओतो,

तू पाठवलेलं चीज पोचलं. माझी तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. चीज गॅलरीत ठेवलंय, त्याचा वास सहन होतो. रविवारच्या तुझ्या वागण्याची मात्र अजून किळस येते.

संगणकावरच्या खेळात लुबोरचं विमान पडलं, आपलं पथक हरलं, एवढंच झालं होतं. पण तू हेडफोनवर सगळ्यांसमोर म्हणालास, "लुबोर, तुझा हात गेला. म्हाताऱ्या, आता गच्चीवर कबुतरं उडव!" पोरं खिदळली. वर त्याला पथकातून काढलंस.

विमानं खाली सूर मारताना नेत्याखेरीज कुणी बोलायचं नाही, हा तुझा नियम. तरी मी ओरडले, "वेग बघा!" तू काय म्हणालास? "ताई, गप्प बस."

त्या विमानाचा वेग फार वाढला की हवा त्याच्या शेपटीला जखडून टाकते. टेबलावरची दांडी पोटापर्यंत ओढा, पडद्यावरचं नाक उचलत नाही. दांडी हातात सहज हलते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, हातच चुकला. तिथे पंचविशीतला पोरगाही जमिनीत घुसला असता. तुला हे ठाऊक होतं. पुढे राहून सुराचा वेग तूच ठरवलास, मग स्वतः आधीच इंजिन मंद केलंस आणि मागून येणाऱ्या लुबोरला सांगितलं नाहीस. हरल्यावर दोष त्याच्या हातावर ढकललास.

त्याचा हात थरथरतो, हे खरं आहे. आजाराचं नाव त्याने दोघांनाच सांगितलं होतं. एक तू, मित्र म्हणून. दुसरी मी. मला का, असं विचारशील. एप्रिलपासून सकाळची कॉफी त्याच्या कपात मी अर्धीच ओतते, सांडू नये म्हणून. कळलं?

बायको गेल्यापासून रविवारचं उड्डाण हीच त्याची माणसांत बसण्याची जागा होती. आता दांडी खोक्यात घालून कपाटावर ठेवलीय. फोन वाजला तरी उचलत नाही. "ओतो बरोबर बोलला असेल," म्हणतो. हे ऐकून मला तुझी जास्तच चीड येते.

येत्या रविवारी उड्डाणाआधी सगळ्यांना सांग की वेग तुझा होता. गुळमुळीत नको, "गैरसमज झाला" वगैरे नको. हेडफोन मी स्वतः त्याच्या कानाला लावीन.

नाताळच्या जेवणाला तुझ्या नेहमीच्या खुर्चीवर यंदा लुबोर बसणार आहे. ते ठरलंय. खरं बोललास, तर तुझ्यासाठी स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची आणीन.

अजून तरी तुझीच बहीण,
ब्लांका